वजाबाकीची वर्षे

विश्वाच्या आरंभकाळाचा जो पुरावा आजही आकाशातून पृथ्वीवर पोहोचतो तो कधीच एकटा येत नाही. वाटेत आपल्याच आकाशगंगेतून निघालेले प्रारण त्यात मिसळते, आणि या पुराव्याचा अभ्यास करणाऱ्याचा बहुतेक काळ ही भेसळ ओळखण्यात, तिचे माप घेण्यात आणि ती वजा करण्यात जातो. सोलापुरातील एका महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवत असताना सुट्ट्यांमध्ये पुण्याला जाऊन प्रस्तुत लेखकाने याच वजाबाकीत सुमारे अठरा वर्षे घालवली. या काळात त्याच्या हातून कोणताही मोठा शोध लागलेला नाही, हे आरंभीच सांगितलेले बरे. परंतु नकाशा स्वच्छ करताना नेमके काय निसटते, कोणत्या टप्प्यावर माणूस स्वतःलाच फसवतो आणि तळाशी उरलेल्या गाळाविषयी खात्रीने किती बोलता येते, याविषयी जे कळले ते पाठ्यपुस्तकांत सहसा सापडत नाही, म्हणून ही नोंद.

ज्या प्रारणाविषयी हे सर्व चालले आहे त्याला वैश्विक सूक्ष्मलहरी पार्श्वप्रारण म्हणतात. पुढे त्याचा उल्लेख केवळ ‘पार्श्वप्रारण’ असा केला आहे. विश्व सुमारे ३ लाख ८० हजार वर्षांचे झाले तेव्हा ते सुमारे ३००० केल्विनपर्यंत निवले होते, मोकळे इलेक्ट्रॉन प्रोटॉनांशी जोडले जाऊन हायड्रोजनचे अणू तयार झाले आणि तोवर इलेक्ट्रॉनांवर आदळत राहिलेला प्रकाश मोकळा झाला. विश्वाच्या प्रसरणाने तरंगलांबी सुमारे ११०० पट ताणली गेलेला तोच प्रकाश आज २.७२५ केल्विन तापमानाच्या सूक्ष्मलहरींच्या रूपात सर्व दिशांनी येतो. त्याचे तापमान दिशेनुसार किंचित बदलते आणि हा बदल सरासरीच्या साधारण लाखाव्या भागाइतका, म्हणजे काही दशक मायक्रोकेल्विन एवढाच असतो (एक मायक्रोकेल्विन म्हणजे एका केल्विनचा दहा लाखावा भाग). ज्या घनतेच्या चढउतारांतून पुढे दीर्घिका घडल्या त्यांची ती खूण आहे. याउलट २३ गिगाहर्ट्झ कंप्रतेवर, म्हणजे लहरी सेकंदाला २३ अब्ज वेळा आंदोलित होत असताना, आकाशगंगेच्या पट्ट्यातून येणारे प्रारण हजारो मायक्रोकेल्विनचे भरते. शोधायची वस्तू अशा रीतीने भेसळीच्या शंभराव्या भागाहूनही लहान असते.

मुळात पार्श्वप्रारणाचा शोधही वजाबाकीतूनच लागला, ही गोष्ट वर्गात सांगताना बहुधा मागे पडते. अमेरिकेत न्यू जर्सीतील होल्मडेल येथे आर्नो पेन्झियास आणि रॉबर्ट विल्सन यांना खरे तर आपल्या आकाशगंगेभोवतीच्या प्रभामंडलाचे रेडिओ प्रारण मोजायचे होते, म्हणजे आज ज्याला अग्रभूमी म्हणून बाजूला सारले जाते तेच त्यांचे लक्ष्य होते. १९६४ मध्ये ७.३५ सेंटिमीटर तरंगलांबीवर, जिथे आकाशगंगेचा वाटा नगण्य असेल असे त्यांचे गणित होते, त्यांनी उपकरणाची चाचणी घेतली, आणि हवेचा, अँटेनाचा, जमिनीचा, इतकेच काय कबुतरांच्या विष्ठेचाही हिशेब लावून झाल्यावर सुमारे साडेतीन केल्विन एवढी शिल्लक उरली. १९६५ मध्ये ती प्रसिद्ध झाली. त्या शिल्लकीवर त्यांना विसंबता आले, कारण वजा केलेल्या प्रत्येक रकमेचे माप त्यांनी स्वतः घेतले होते. या क्षेत्रात येणाऱ्या नवख्याला ही कथा कबुतरांमुळे लक्षात राहते. लक्षात राहायला हवी ती मापांची यादी.

सोलापूरसारख्या ठिकाणच्या अध्यापकाला या विषयापर्यंत पोहोचवणारी वाट पुण्यातून जाते. विद्यापीठ अनुदान आयोगाने १९८८ मध्ये स्थापन केलेले खगोलशास्त्र आणि खगोलभौतिकीचे आंतरविद्यापीठीय केंद्र, म्हणजे सर्वांच्या तोंडी असलेली ‘आयुका’, हे विद्यापीठे आणि महाविद्यालये यांतील शिक्षकांसाठीच उभे राहिले. निवड झालेल्या सहयोगी शिक्षकाला काही वर्षांच्या मुदतीत वेळोवेळी तिथे राहून ग्रंथालय, संगणक आणि मुख्य म्हणजे बोलायला माणसे मिळतात. पहाटे सोलापूर स्थानकावर हुतात्मा एक्स्प्रेस पकडायची, कुर्डुवाडी-दौंडपर्यंत छापील शोधनिबंधांच्या समासात टिपणे करायची आणि दुपारपासून कामाला बसायचे, असा क्रम अनेक मे महिने चालला. गाडीतल्या त्या चार तासांत जेवढे वाचन झाले तेवढे घरी कधी झाले नाही, हेही नमूद करायला हवे.

आयुकाविषयी एक गोष्ट विषयाच्या ओघात सांगण्याजोगी आहे. तिचे संस्थापक संचालक जयंत नारळीकर स्वतः महास्फोटाचा सिद्धान्त मानत नव्हते. १९९३ मध्ये फ्रेड हॉइल आणि जेफ्री बर्बिज यांच्यासह त्यांनी मांडलेल्या स्थिरवत् स्थितीच्या विश्वात पार्श्वप्रारण म्हणजे ताऱ्यांचा जुना प्रकाश होता आणि त्याला सूक्ष्मलहरींचे रूप देण्याचे काम अवकाशात पसरलेली लोखंडाची केसासारखी बारीक स्फटिके करीत. त्याच संस्थेत तरुण सौरदीप आणि त्यांचे विद्यार्थी महास्फोटाच्या चौकटीत उपग्रहांचे नकाशे तपासत होते आणि त्यांच्या लेखी धूळ हा काढून टाकायचा घटक होता. एकाच इमारतीत धूळ एका सिद्धान्ताचा आधार आणि दुसऱ्या पद्धतीची अडचण असावी, आणि दोन्ही बाजूंनी शांतपणे काम चालावे, हे बाहेरून येणाऱ्या अध्यापकाला शिकवण्याजोगे वाटले. पुराव्याने नारळीकरांच्या बाजूने कौल दिला नाही, असेच प्रस्तुत लेखकाचे मत आहे; परंतु अग्रभूमीकडे केवळ घाण म्हणून पाहू नये ही जाणीव त्याला प्रथम त्यांच्याच निबंधांतून झाली.

पार्श्वभूमीच्या अलीकडे म्हणून अग्रभूमी, हा शब्द सोयीचा असला तरी तो थोडी दिशाभूल करतो, कारण त्यातून पडद्यापुढे पडदा असे चित्र उभे राहते आणि पुढचा पडदा बाजूला सारला की काम झाले असे वाटते. अग्रभूमी एक नाही आणि ती बाजूलाही सरत नाही. तिचा पहिला घटक सिंक्रोट्रॉन प्रारण हा होय: ताऱ्यांच्या स्फोटांतून जवळपास प्रकाशाच्या वेगाने सुटलेले इलेक्ट्रॉन आकाशगंगेच्या चुंबकीय क्षेत्रात मळसूत्रासारखे फिरताना जे उत्सर्जित करतात ते हे प्रारण असून कंप्रता दुप्पट केली की त्याचे तापमान सुमारे एक अष्टमांश होते. दुसरा घटक तप्त आयनीभूत वायूत इलेक्ट्रॉन प्रोटॉनांजवळून जाताना वळतात तेव्हा निघणारे, तांत्रिक भाषेत मुक्त-मुक्त म्हटले जाणारे प्रारण. ते कंप्रता दुप्पट झाल्यावर एक चतुर्थांशाहून थोडे खाली येते. तिसरा घटक धूळ. ही धूळ म्हणजे ताऱ्यांमधल्या जागेत विखुरलेले सिलिकेटचे आणि कार्बनचे अतिसूक्ष्म कण. ताऱ्यांच्या प्रकाशाने ते सुमारे २० केल्विनपर्यंत तापतात आणि त्यांचे प्रारण कंप्रतेबरोबर वाढत जाते. चौथा घटक १९९० च्या दशकाच्या मध्यापर्यंत कोणाच्या हिशेबातच नव्हता: वीसतीस गिगाहर्ट्झच्या आसपास धुळीच्या नकाशाशी जुळणारे, पण तापलेल्या धुळीने समजावता न येणारे जादा प्रारण दिसू लागले, आणि १९९८ मध्ये ब्रूस ड्रेन व अलेक्झांडर लझारियन यांनी ते प्रचंड वेगाने स्वतःभोवती फिरणाऱ्या, विद्युत द्विध्रुव असलेल्या सूक्ष्म कणांचे असावे असे मांडले. पहिले दोन घटक कंप्रतेबरोबर उतरतात, धूळ चढते आणि या उताराचढावाच्या मध्ये, साधारण ७० गिगाहर्ट्झच्या आसपास, अग्रभूमीची दरी येते. पार्श्वप्रारण मात्र तापमानाच्या एककात मोजले तर सर्व कंप्रतांवर सारखेच असते. वेगळे करण्याची सारी आशा या एका सारखेपणावर आहे.

सोलापूरच्या विद्यार्थ्यांना हे समजावताना चादरीची उपमा हाताशी असते आणि ती अनेक वर्षे वापरलीही गेली: ताण्याचे धागे एका रंगाचे, बाण्याचे दुसऱ्या रंगाचे, नक्षीतून एका रंगाचा धागा ओढून काढला की दुसरा उरतो. उपमा सोपी होती आणि चुकीची होती. चादरीत प्रत्येक धाग्याची स्वतःची जागा असते. आकाशाच्या नकाशात एका बिंदूवर एकच आकडा असतो आणि त्यात सर्व घटकांची बेरीज आधीच होऊन गेलेली असते. ज्या विद्यार्थ्याच्या मनात चादर बसली तो पुढे हमखास नकाशात धागे शोधू लागतो, हे तीनचार तुकड्यांनंतर लक्षात आल्यावर ती उपमा सोडून देण्यात आली, आणि तिच्या जागी पाच समीकरणे व अज्ञात राशी यांचा रूक्ष पण प्रामाणिक हिशेब आला.

पाच समीकरणे म्हणण्याचे कारण डब्ल्यूमॅप हा उपग्रह. ३० जून २००१ रोजी सोडलेल्या या उपग्रहाने २३, ३३, ४१, ६१ आणि ९४ गिगाहर्ट्झ अशा पाच पट्ट्यांत आकाश मोजले, त्याचे पहिले निष्कर्ष फेब्रुवारी २००३ मध्ये आले आणि त्याचे नकाशे जगातील कोणालाही विनामूल्य मिळू लागले. प्रत्येक नकाशात ३१,४५,७२८ समान क्षेत्रफळाचे तुकडे होते. आज हा आकडा किरकोळ वाटेल, पण पुण्याहून डिस्कवर भरून आणलेले हे नकाशे महाविद्यालयातील जुन्या संगणकावर चालवायचे आणि त्यातच भारनियमनाचे वेळापत्रक सांभाळायचे, ही त्या काळी कसरत होती. एकदा तीस तास चाललेले गणित शेवटच्या टप्प्यावर वीज जाऊन वाया गेले. तेव्हापासून प्रत्येक पायरीचा निकाल वेगळा साठवून ठेवण्याची शिस्त लागली. आणि गंमत अशी की पुढे जेवढ्या चुका सापडल्या त्या या मधल्या पायऱ्यांच्या साठ्यातूनच सापडल्या, अंतिम नकाशात त्यांतील बहुतेक दिसल्याच नसत्या. नवा संगणक मिळावा म्हणून केलेला अर्ज एका कार्यालयात दोन वर्षे पडून राहिला, ही तक्रार खरी असली तरी संथ यंत्राने विचाराला दिलेली सवड त्या हिशेबात जमेला धरावी लागते.

पहिली मोठी चूक वर्तुळांची. उपग्रहाची दुर्बीण कमी कंप्रतेवर कमी बारकावा टिपते: डब्ल्यूमॅपच्या २३ गिगाहर्ट्झच्या नकाशाची विभेदनक्षमता सुमारे ०.८८ अंश, तर ९४ गिगाहर्ट्झची ०.२२ अंश होती, म्हणून हे नकाशे एकमेकांतून वजा करण्यापूर्वी ते सर्व एकाच पातळीपर्यंत पुसट करावे लागतात. एका पदव्युत्तर विद्यार्थ्याने ही पायरी एका पट्ट्यासाठी वगळली. परिणामी तेजस्वी रेडिओ स्रोतांच्या जागी मधोमध उजळ ठिपका आणि भोवती काळपट कडे उमटले, कारण तीक्ष्ण नकाशातून पसरट नकाशा वजा झाला होता. २०१० चा नोव्हेंबर चालू होता. वाहे गुरझाद्यान आणि रॉजर पेनरोझ यांनी त्याच सुमारास पार्श्वप्रारणात समकेंद्री वर्तुळे असल्याचा आणि ती महास्फोटापूर्वीच्या युगाच्या खुणा असल्याचा दावा केला होता, वृत्तपत्रांनी तो उचलून धरला होता, आणि सोलापुरात संगणकाच्या पडद्यावर प्रत्यक्ष वर्तुळे दिसत होती. विद्यार्थ्याचा आनंद समजण्यासारखा होता. मार्गदर्शकानेही दोन दिवस त्यावर विश्वास ठेवला, ही कबुली देणे भाग आहे. तिसऱ्या दिवशी साठवलेल्या मधल्या पायऱ्या उघडल्या आणि पुसट न केलेला पट्टा सापडला. पेनरोझ यांच्या दाव्याचाही निकाल लवकरच लागला: वर्षअखेरपर्यंत तीन स्वतंत्र गटांनी तशी वर्तुळे नेहमीच्या प्रतिकृतीतील कृत्रिम आकाशातही आढळतात असे दाखवले, आणि त्यांपैकी एक निबंध आयुकातच पीएच.डी. केलेल्या अमीर हाजियान यांचा होता.

दुसरा प्रसंग चुकीचा नाही, तरी त्याने अधिक शिकवले. नकाशे स्वच्छ करण्याची एक प्रचलित रीत अशी आहे की पाचही पट्ट्यांना असे भार द्यायचे की भारांची बेरीज १ व्हावी आणि मिळणाऱ्या नकाशाचे प्रचरण, म्हणजे मूल्ये सरासरीभोवती किती विखुरली आहेत याचे माप, किमान व्हावे. बेरीज १ असल्यामुळे सर्व पट्ट्यांत सारखे असलेले पार्श्वप्रारण जसेच्या तसे उरते, आणि पट्ट्यागणिक बदलणारी अग्रभूमी परस्परांत खपून जाते. धुळीचा किंवा सिंक्रोट्रॉनचा बाहेरून कोणताही नकाशा उसना घ्यावा लागत नाही, हे या पद्धतीचे सौंदर्य. २००६ मध्ये राजीब साहा, पंकज जैन आणि तरुण सौरदीप यांनी याच मार्गाने, केवळ डब्ल्यूमॅपची सामग्री वापरून आणि वेगवेगळ्या ग्राहकांच्या नकाशांचा परस्परसंबंध घेऊन उपकरणातील गोंगाट टाळत, पार्श्वप्रारणाचा शक्तिवर्णपट काढून दाखवला. शक्तिवर्णपट म्हणजे आकाशावरील चढउतार कोणत्या कोनीय आकारात किती तीव्र आहेत याचा आलेख. त्या निबंधाने अनेक महाविद्यालयीन अध्यापकांना, त्यांत प्रस्तुत लेखकालाही, असे वाटायला लावले की हे काम लहान संगणकावरही करता येईल.

पद्धतीची परीक्षा घेण्यासाठी शेकडो कृत्रिम आकाशे तयार करण्यात आली, त्यांत ज्ञात पार्श्वप्रारण घातले, वर ज्ञात अग्रभूमी चढवली आणि स्वच्छ करून काय हाती लागते ते पाहिले. लहान कोनांवर सारे ठीक होते. मोठ्या कोनांवर, विशेषतः चतुर्ध्रुव या घटकात, म्हणजे संपूर्ण आकाशाला चार भागांत विभागणाऱ्या चढउतारात, घातलेल्यापेक्षा निघालेले नेहमी कमी भरे. एक अख्खी उन्हाळ्याची सुट्टी आज्ञावलीतील चूक शोधण्यात गेली. सोलापूरचे मे महिन्यातले ऊन, खिडकीला ओला पडदा आणि टेबलावर पुन्हा पुन्हा तपासलेल्या छापील ओळी, असे ते दिवस होते. चूक सापडली नाही, कारण ती नव्हतीच. चतुर्ध्रुवासाठी आकाशात अवघे पाच स्वतंत्र आकडे असतात. इतक्या थोड्या आकड्यांत पार्श्वप्रारण आणि अग्रभूमी यांचा परस्परांशी काही संबंध नसला तरी योगायोगाने ती थोडी जुळतात, आणि प्रचरण कमी करण्याच्या आज्ञेला बांधलेली पद्धत तो योगायोग वापरून अग्रभूमीबरोबर पार्श्वप्रारणाचाही काही भाग खाऊन टाकते. साहा, प्रुने, जैन आणि सौरदीप यांनी २००८ च्या निबंधात या घटीचे नेमके सूत्र दिले होते. ते वेळेवर वाचले असते तर ती सुट्टी वाचली असती. तरीही ती वाया गेली असे वाटत नाही. जी पद्धत घाण कमी करण्याचे वचन देते तिला घाण आणि माल यांतला फरक कळत नाही, तिला फक्त कमी करणे कळते, ही गोष्ट सूत्रात वाचून जेवढी मुरली नसती तेवढी ती महिनाभर न सापडलेल्या चुकीने मुरली.

यानंतर कामाची दिशा बदलली. स्वच्छ नकाशा दाखवण्यापेक्षा वजा केलेला भाग दाखवण्यावर भर येऊ लागला. याला एका परीक्षकाचाही हातभार लागला: पाठवलेला निबंध परत आला तेव्हा त्याच्यासोबत एवढाच मुख्य आक्षेप होता की लेखकांनी काय उरले ते दाखवले आहे, काय काढले ते दाखवलेले नाही. आक्षेप रास्त होता आणि तो निबंध पुढे कधीच प्रसिद्ध झाला नाही.

तिसरा प्रसंग सार्वजनिक फजितीचा. १७ मार्च २०१४ रोजी दक्षिण ध्रुवावरील बायसेप-२ या दुर्बिणीच्या गटाने अमेरिकेत जाहीर केले की पार्श्वप्रारणाच्या ध्रुवणात, म्हणजे त्याच्या लहरींच्या आंदोलनाच्या दिशेत, भोवऱ्यासारखी वळणारी रचना सापडली आहे आणि ती विश्वाच्या अगदी आरंभीच्या अतिवेगवान प्रसरणात, म्हणजे स्फीतीत, निर्माण झालेल्या गुरुत्वीय लहरींची असावी. या लहरींची तीव्रता सांगणारे गुणोत्तर त्यांनी ०.२ दिले. भारतात ती बातमी रात्री पोहोचली. तो दिवस धुळवडीचा होता, हा निव्वळ योगायोग पुढे अनेकांना आठवून हसू आले. एप्रिलमध्ये सोलापुरातील एका सभागृहात या शोधावर मराठीतून जाहीर व्याख्यान झाले, सभागृह भरलेले होते, आणि वक्त्याने, म्हणजे प्रस्तुत लेखकाने, ‘असावी’ हा शब्द जितक्या वेळा वापरायला हवा होता तितक्या वेळा वापरला नाही. बायसेप-२ चे माप केवळ १५० गिगाहर्ट्झ या एकाच पट्ट्यात होते. एका पट्ट्यात धूळ आणि पार्श्वप्रारण वेगळे करता येत नाहीत, हे तोच वक्ता दहा वर्षे वर्गात सांगत आला होता. तरी त्या संध्याकाळी ते वाक्य व्याख्यानात शेवटी, घाईने आले.

पुढचा भाग सर्वपरिचित आहे. प्लांक उपग्रहाने ३० ते ८५७ गिगाहर्ट्झपर्यंत नऊ पट्ट्यांत आकाश मोजले होते आणि त्याचा ३५३ गिगाहर्ट्झचा नकाशा धुळीच्या ध्रुवणासाठी विशेष उपयोगी होता. धुळीचे लांबट कण आकाशगंगेच्या चुंबकीय क्षेत्राला धरून एका दिशेने रचले जातात, त्यामुळे त्यांचे प्रारण ध्रुवित असते, काही ठिकाणी तर सुमारे २० टक्क्यांपर्यंत. सप्टेंबर २०१४ मध्ये प्लांकच्या गटाने दाखवले की बायसेप-२ ने निवडलेल्या, स्वच्छ समजल्या गेलेल्या तुकड्यातही धुळीचा वाटा त्या संकेताइतकाच मोठा असू शकतो, आणि ध्रुवणाच्या बाबतीत वजाबाकीशिवाय काम भागेल असा आकाशाचा एकही कोपरा नाही. २०१५ च्या आरंभी दोन्ही गटांनी एकत्र विश्लेषण केले आणि दावा मावळला, ०.२ च्या जागी ०.१२ पेक्षा कमी, एवढीच वरची मर्यादा उरली. त्याच सभागृहात दुसरे व्याख्यान ठेवण्यात आले, पहिल्यात सांगितलेले मागे घेण्यासाठी. श्रोते पहिल्याच्या चौथाई होते. एका सेवानिवृत्त गिरणी कामगाराने शेवटी विचारले, की मग त्या लोकांनी धुळीचे माप आधी का नाही घेतले? उत्तर असे की त्यांनी ते गृहीत धरले होते, उपलब्ध प्रतिकृतींवरून आणि एका सादरीकरणातील चित्रावरूनही. माप घेण्याची वेळ आली तेव्हा ते माप दुसऱ्याच्या हातात होते. या प्रश्नाइतका नेमका प्रश्न एप्रिलमध्ये कोणी विचारला नव्हता, वक्त्याने स्वतःलाही नाही.

अग्रभूमीशी समेट झाला तो जुन्नर तालुक्यातील खोडद येथे. पुण्याच्या उत्तरेला, नारायणगावजवळ, प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेनांची महाकाय मीटरतरंग रेडिओ दुर्बीण, जीएमआरटी, उभी आहे. गोविंद स्वरूप यांच्या कल्पकतेने तारांच्या जाळीची हलकी आणि कमी खर्चाची तबके वापरून ती बांधली गेली, चौदा अँटेना मधल्या सुमारे एक किलोमीटरच्या चौकात आणि उरलेल्या तीन भुजांवर लांबवर द्राक्षांच्या मळ्यांमधून पसरलेल्या. १५० मेगाहर्ट्झवर या दुर्बिणीला आकाशगंगेचे सिंक्रोट्रॉन प्रारण शेकडो केल्विनचे दिसते; पार्श्वप्रारणाचे काही दशक मायक्रोकेल्विन तिथे कोणी शोधतही नाही. याच दुर्बिणीने १५० मेगाहर्ट्झवर आकाशाच्या सुमारे ९० टक्के भागाचे सर्वेक्षण केले आणि त्या सामग्रीतून आकाशगंगेच्या विसरित प्रारणाचा शक्तिवर्णपट काढला गेला. आयुष्यभर वजा केलेली गोष्ट तिथे नियंत्रणकक्षाच्या पडद्यावर मुख्य विषय म्हणून समोर आली, आणि तिच्यातही रचना आहे, चुंबकीय क्षेत्राचे वळण आहे, जुन्या स्फोटांची कवचे आहेत, हे प्रथमच सावकाश पाहता आले. १९३०च्या दशकात कार्ल जान्स्की यांना आकाशातून आलेला जो पहिला रेडिओ संकेत मिळाला तो हाच होता.

भेसळच कोणाचा तरी मुख्य विषय असते, याचा एक नमुना सोलापूरलाही पाहायला मिळाला. जमिनीवरून पार्श्वप्रारण मोजणाऱ्यांना हवेतील पाण्याची वाफ सर्वांत जास्त छळते, कारण ती २२ गिगाहर्ट्झजवळ आणि त्यावरच्या काही पट्ट्यांत स्वतः प्रारण सोडते. म्हणूनच अशा दुर्बिणी दक्षिण ध्रुवावर किंवा चिलीच्या आटाकामा वाळवंटात ठेवतात. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने २०१८ आणि २०१९ च्या पावसाळ्यांत सोलापूरच्या पर्जन्यछायेच्या प्रदेशात मेघबीजनाचा प्रयोग केला, त्यासाठी इथे रडार बसवले आणि विमानांनी ढगांत शिरून मापे घेतली. अग्रभूमीवर प्रकल्प केलेला एक माजी विद्यार्थी त्या काळात हवामानाच्या सामग्रीवर काम करू लागला होता. त्याचे म्हणणे असे की महाविद्यालयात ज्या वाफेचे नाव शत्रू म्हणून शिकवले गेले तीच मोजण्यासाठी आता पगार मिळतो, आणि ज्या गावाला वर्षभर ढगांची वाट पाहावी लागते तिथे तिला शत्रू म्हणणे जरा धाडसाचेच होते. यावर वाद घालण्यासारखे काही नव्हते.

प्रत्येक विद्यार्थी असा टिकला नाही. वजाबाकीचे काम कंटाळवाणे आहे, त्यात प्रसिद्धीला जागा नाही, आणि महाविद्यालयातील तासिका, परीक्षा, तपासणीचे गठ्ठे यांतून त्यासाठी वेळ काढणे म्हणजे घरच्यांचा वेळ वापरणे होय; काही वर्षे हे प्रमाण चुकले आणि त्याची भरपाई झालेली नाही. ज्यांना झटपट निबंध हवे होते ते दुसरीकडे गेले, आणि त्यांचा निर्णय चुकीचा होता असे म्हणता येत नाही. जे राहिले त्यांच्यापैकी बहुतेकांचे सर्वांत चांगले काम नकारात्मक होते: अमुक पट्ट्यात अमुक कोनापर्यंत अमुक मर्यादेपलीकडे काही सांगता येत नाही, अशा प्रकारचे. भारतीय वैज्ञानिकांच्या गटाने २०१८ मध्ये इस्रोपुढे पार्श्वप्रारणाच्या ध्रुवणासाठी ‘सीएमबी-भारत’ या उपग्रहाची कल्पना मांडली तेव्हा तिचा भर अनेक कंप्रतापट्ट्यांवर होता, आणि तो भर अशाच नकारात्मक निष्कर्षांच्या ढिगाऱ्यातून आला आहे. बायसेप आणि केक या दक्षिण ध्रुवावरील दुर्बिणींच्या २०२१ च्या निष्कर्षांत गुरुत्वीय लहरींच्या त्या गुणोत्तराची मर्यादा ०.०३६ पर्यंत खाली आली. आद्य गुरुत्वीय लहरींचा संकेत अजून सापडलेला नाही.

डब्ल्यूमॅप आणि प्लांक या दोन्ही उपग्रहांचे नकाशे आजही विनामूल्य मिळतात आणि ते चालवायला आता साधा लॅपटॉप पुरतो. सोलापुरातील किंवा कोठल्याही गावातील जो विद्यार्थी या विषयावर प्रकल्प घेऊ इच्छितो त्याने पहिला आठवडाभर स्वच्छ केलेला, निळ्यातांबड्या ठिपक्यांचा प्रसिद्ध नकाशा उघडू नये; डब्ल्यूमॅपचा २३ आणि प्लांकचा ३५३ गिगाहर्ट्झचा, असे दोन मळके नकाशे शेजारी शेजारी ठेवावेत आणि कोणत्या जागी कोणता घटक आहे ते आधी डोळ्यांनी ओळखायला शिकावे, आणि प्रत्येक वजाबाकीनंतर काय काढले त्याचा नकाशा वेगळा जपून ठेवावा.